ओपन व्हीस्विचच्या पोर्टवर क्यू लावताना : आधी कागद, मग आज्ञा

नाशिकजवळच्या अंबड-सातपूरच्या लहान कारखान्यांत हल्ली हे चित्र सर्रास दिसतं. कोपऱ्यात एक लिनक्स सर्व्हर, त्यावर ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), आयपी पीबीएक्स (ऑफिसच्या फोनची यंत्रणा) आणि बॅकअप अशी तीन-चार व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, मध्ये ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर-स्विचचा ब्रिज आणि बाहेर जायला इंटरनेटची एकच लाइन. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की फोनवर पलीकडच्याचा आवाज तुटायला लागतो. मग कोणीतरी नेटवर शोधून क्यू, म्हणजे ट्रॅफिकच्या रांगा, लावतो. आज्ञा बिनबोभाट चालतात, एकही एरर येत नाही, आणि आवाज पूर्वीसारखाच तुटत राहतो.

कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. क्यू तयार झाल्या, पण त्यांत ट्रॅफिक पाठवणारे फ्लो, म्हणजे कुठल्या पॅकेटचं काय करायचं याचे नियम, लिहिलेच नाहीत. नाहीतर आकड्याचं एकक चुकलं. नाहीतर दिशा उलटी धरली. यांतल्या कशाबद्दलही स्विच तक्रार करत नाही, म्हणून खाली जागोजागी तपासणी दिली आहे. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरणासाठी मांडणी अशी धरू : ब्रिजला 'अपलिंक' नावाचं फिजिकल पोर्ट आहे आणि ते इंटरनेट कंपनीच्या राउटरला जोडलंय. दुसरं फिजिकल पोर्ट ऑफिसच्या लॅनकडे जातं. नॅट (आतल्या पत्त्यांच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं) त्या राउटरमध्येच होतं, त्यामुळे अपलिंकवरून जाणाऱ्या पॅकेटवर आतल्या मशीनचे पत्ते दिसतात. तुमच्याकडे नॅट याच सर्व्हरवर होत असेल तर टप्पा ६ मधली पत्त्यावरची जुळणी तशीच्या तशी चालणार नाही.

आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मॅन पेज (आज्ञेचं माहितीपान) शेजारी उघडं ठेवा.

## टप्पा १ : दिशा ठरवा

ओपन व्हीस्विच स्वतः रांगा चालवत नाही. तो लिनक्स कर्नलच्या टीसीला (ट्रॅफिक आवरणाऱ्या भागाला) रांगा लावायला सांगतो आणि कुठलं पॅकेट कुठल्या रांगेत टाकायचं ते ठरवतो. रांगा लागतात त्या स्विचमधून पोर्टवाटे बाहेर पडणाऱ्या ट्रॅफिकला. आत येणाऱ्या ट्रॅफिकवर फक्त पोलिसिंग होतं, म्हणजे मर्यादेवरची पॅकेटं थेट टाकून दिली जातात.

आत आणि बाहेर हे नेहमी स्विचच्या बाजूने पाहायचं. व्हीएम जे अपलोड करते ते व्हीएमच्या पोर्टवर 'आत' येतं आणि अपलिंकवर 'बाहेर' पडतं. बॅकअपचं अपलोड आवरायचं आणि व्हीएमच्या पोर्टवर क्यू लावायच्या, ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. त्याने बॅकअप व्हीएमचं डाउनलोड आवरलं जातं, ज्याची तक्रार कोणाचीच नव्हती.

एचटीबीमध्ये (टीसीची रांगांत बँडविड्थ वाटण्याची पद्धत) उरलेल्या बँडविड्थची वाटणी एका पोर्टच्या आतच होते हेही लक्षात ठेवा. दोन वेगळ्या पोर्टवरच्या क्यू एकमेकांकडून उसनं घेऊ शकत नाहीत. सगळ्यांचं अपलोड एका ठिकाणी वाटायचं असेल तर ते जिथे एकत्र येतं त्या पोर्टवर, म्हणजे अपलिंकवर, क्यू लावा.

तपासणी : कागदावर ब्रिज काढा, त्रासदायक ट्रॅफिकचा बाण काढा. बाण ब्रिजमधून ज्या पोर्टवाटे बाहेर जातो तेच तुमचं पोर्ट.

## टप्पा २ : लाइन खरोखर किती चालते ते मोजा

अपलिंकचं नेटवर्क कार्ड १ गिगाबिटचं असतं आणि प्लॅन, समजा, ५० मेगाबिट अपलोडचा. कमाल वेग दिला नाही तर स्विच फिजिकल पोर्टसाठी कार्डाचा वेग धरतो. मग आपल्याकडे रांग लागतच नाही. सगळी पॅकेटं भराभर पुढे जातात आणि कंपनीच्या राउटरमध्ये तुंबतात, तिथे आपल्या प्राधान्याला कोणी विचारत नाही. कोंडी द्वारका चौकात आणि पोलीस पाथर्डी फाट्यावर, तसं होतं. गाड्यांचा क्रम लावायचा तर रांग पोलिसासमोर लागायला हवी, म्हणजे आपलं पोर्ट लाइनपेक्षा थोडं अरुंद करायला हवं.

त्यासाठी कामाच्या वेळी, विशेषतः संध्याकाळी, अपलोड मोजा. दोन-चार दिवसांतला सगळ्यात कमी आकडा धरा, प्लॅनवर छापलेला नको. तो ४६ मेगाबिट आला असं धरू. त्यातून सहा-सात टक्के कमी करून ४३ घ्या. तीन मेगाबिट वाया गेल्यासारखे वाटतात, पण रांग आपल्या हातात ठेवण्याची ती किंमत आहे.

## टप्पा ३ : आकडे मांडा

अपलिंकची एकूण कमाल मर्यादा ४३ मेगाबिट. त्याखाली चार क्यू :

क्यू ० – बाकी सगळं, ऑफिसचे पीसी वगैरे. किमान ८, कमाल ४३, प्रायॉरिटी २.
क्यू १ – पीबीएक्स. किमान ३, कमाल ६, प्रायॉरिटी ०.
क्यू २ – ईआरपी. किमान २०, कमाल ४३, प्रायॉरिटी १.
क्यू ३ – बॅकअप आणि सीसीटीव्हीचं अपलोड. किमान ५, कमाल २५, प्रायॉरिटी ३.

किमान आकड्यांची बेरीज ३६, म्हणजे ४३ च्या आत. ही बेरीज तुम्हीच करायची, स्विच ती करून देत नाही. बेरीज वर गेली तर हमी फक्त कागदावर उरते.

फोनला ३ मेगाबिट कमी वाटतील. जी.७११ कोडेकचा एक कॉल एका दिशेला इथरनेटच्या ओझ्यासकट साधारण ८७ किलोबिट घेतो. एकाच वेळी वीस कॉल चालू असले तरी दोन मेगाबिटच्या आत काम होतं. फोनला रुंद रस्ता लागत नाही, थांबावं लागू नये एवढंच हवं असतं.

क्यू ० ही डीफॉल्ट क्यू आहे. फ्लोने दुसरीकडे न पाठवलेलं सगळं तिथे जातं. तुम्ही ती लिहिली नाही तर स्विच रिकाम्या सेटिंगची क्यू ० आपोआप तयार करतो, आणि न दिलेली प्रायॉरिटी ० धरली जाते. एचटीबीमध्ये लहान आकड्याला आधी मान असल्यामुळे कोणाचातरी व्हिडिओ थेट फोनच्या पंक्तीला बसतो. म्हणून क्यू ० कायम हाताने लिहा आणि तिला प्रायॉरिटी द्या.

### एककांचा घोळ

एकच ४३ मेगाबिटचा वेग, पण सेटिंग कुठे आहे त्यावर आकडा बदलतो :

क्यूओएस (पोर्टची एकूण मर्यादा आणि तिच्या क्यूंची नोंद) आणि क्यूच्या नोंदीत मॅक्स-रेट, मिन-रेट हे बिटमध्ये : ४३००००००.
इंटरफेसच्या इन्ग्रेस-पोलिसिंग-रेटमध्ये किलोबिट : ४३०००.
डीपीडीकेच्या (कर्नलला वगळून पॅकेट हाताळणारी पद्धत) इग्रेस-पोलिसरमध्ये सीआयआर, म्हणजे ठरवलेला वेग, हा बाइटमध्ये : ५३७५०००.

क्यूच्या नोंदीत ४३००० लिहिलं तर ती क्यू ४३ किलोबिटवर येते आणि ऑफिसचं नेट मेल्यासारखं होतं. उलट पोलिसिंगमध्ये ४३०००००० लिहिलं तर ती मर्यादा ४३ गिगाबिटची होते, म्हणजे असून नसल्यासारखी. एंटर दाबण्याआधी आकडा मोठ्याने वाचा. क्यूच्या नोंदीत 'चार कोटी तीस लाख' ऐकू यायला हवं. आकड्यात स्वल्पविराम टाकू नका.

## टप्पा ४ : सर्व्हर तयार करा

ब्रिजचा डेटापाथ, म्हणजे पॅकेट प्रत्यक्ष कोण पुढे पाठवतं ते, बघा. पोर्ट डीपीडीकेची असतील तर कर्नलची एचटीबी तिथे लागूच होत नाही. इग्रेस-पोलिसरसारखे प्रकार वापरावे लागतात आणि ते रांग लावत नाहीत, जास्तीचं टाकून देतात. या लेखातला पुढचा भाग कर्नल डेटापाथसाठी आहे. ब्रिजवर ओपनस्टॅक किंवा दुसरा कंट्रोलर फ्लो लिहीत असेल तर हाताने फ्लो घालू नका, कंट्रोलर ते पुसून टाकेल.

अपलिंकवर आधीच कोणी टीसी वापरून काही लावलंय का तेही पाहा. ओपन व्हीस्विच आपल्या पोर्टचं क्यूओएस स्वतःच सांभाळतो, त्यामुळे हाताने लावलेली टीसीची सेटिंग आणि त्याची सेटिंग एका पोर्टवर एकत्र नांदत नाहीत. टीसी स्वतःच चालवायची असेल तर क्यूओएसचा प्रकार लिनक्स-नूप ठेवा आणि इथेच थांबा.

⚠ एसएसएचने लांबून काम करत असाल तर तुमचं कनेक्शनही याच अपलिंकवरून येतंय. पोर्टची क्यूओएस काढून टाकणारी आणि फ्लो पूर्ववत करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहा, ती ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या 'अ‍ॅट' या आज्ञेला दहा मिनिटांनंतरची वेळ देऊन ठेवा आणि मगच सुरुवात करा. सगळं जमलं की ते काम रद्द करा. हे जमत नसेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी अंबडला चक्कर मारा आणि कन्सोलवर बसा.

## टप्पा ५ : क्यूओएस आणि क्यू एकाच आज्ञेत

ओव्हीएस-व्हीएससीटीएलमध्ये (स्विचच्या डेटाबेसमध्ये सेटिंग लिहिणारी आज्ञा) दोन डॅश देऊन अनेक कामं एका आज्ञेत जोडता येतात आणि ती एकाच व्यवहारात होतात : एकतर सगळी, नाहीतर एकही नाही. त्याचा फायदा घ्या. क्रम असा :

१. पोर्ट 'अपलिंक'च्या क्यूओएस रकान्यात तात्पुरतं नाव द्या. हे नाव 'अ‍ॅट' चिन्हाने (@) सुरू होतं.
२. त्या नावाने क्यूओएस नोंद तयार करा : प्रकार लिनक्स-एचटीबी, अदर-कॉन्फिगमध्ये मॅक्स-रेट ४३००००००, आणि क्यूंचा नकाशा. म्हणजे ० ला कुठली क्यू, १ ला कुठली, असं ३ पर्यंत.
३. चारही क्यूंच्या नोंदी त्याच आज्ञेत तयार करा, प्रत्येकीला मिन-रेट, मॅक्स-रेट, प्रायॉरिटी.

हेच काम वेगवेगळ्या आज्ञांनी केलं तर मध्येच चूक झाल्यावर अर्धवट नोंदी मागे राहतात. क्यूओएस आणि क्यूच्या नोंदी कोणी वापरत नसल्या तरी डेटाबेस त्या आपणहून काढत नाही. एका ठिकाणी क्यूंची यादी काढली तर स्क्रीन भरून वर सरकत राहिली. वापरात चारच होत्या, बाकीच्या जुन्या प्रयत्नांच्या.

बर्स्टचा (एकदम सोडायच्या डेटाचा) आकडा माहीत नसेल तर देऊ नका. फार लहान बर्स्ट एचटीबीला चालत नाही आणि तो गुपचूप दुर्लक्षिला जातो.

### कर्नलमध्ये पोचलं का?

डेटाबेसमध्ये नोंद दिसते म्हणजे क्यू लागली असं समजू नका. टीसीला अपलिंकचे क्लास आकडेवारीसह दाखवायला सांगा. एक मुळाचा क्लास दिसेल, १:एफएफएफई, त्याची कमाल ४३ मेगाबिट. त्याखाली १:१, १:२, १:३, १:४.

इथे लोक गोंधळतात. क्यू ० हा टीसीत १:१ असतो, क्यू ३ हा १:४. टीसीतला क्रमांक नेहमी एकने पुढे असतो, आणि तो हेक्समध्ये (१६ च्या पायावर) छापला जातो. उद्या क्यू १० केलीत तर ती १:बी म्हणून दिसेल. १:३ कडे बघून 'बॅकअपची क्यू रिकामी का' म्हणून डोकं खाजवू नका, ती ईआरपीची आहे.

क्लास दिसतच नसतील तर पोर्टचं नाव, प्रकाराचं स्पेलिंग आणि ओव्हीएस-व्हीस्विचडीचा (स्विच चालवणाऱ्या प्रोग्रामचा) लॉग, या क्रमाने बघा.

## टप्पा ६ : फ्लो लिहा

आत्तापर्यंत चार रांगा उभ्या आहेत आणि सगळं ट्रॅफिक क्यू ० मध्ये जातंय. बरेच जण इथेच थांबतात.

फ्लो लिहिणाऱ्या ओव्हीएस-ओएफसीटीएल आज्ञेने तीन-चार फ्लो पुरतात. 'नॉर्मल' म्हणजे नेहमीच्या स्विचसारखं पुढे पाठवणं. पीबीएक्सच्या आयपीवरून निघालेलं : क्रिया सेट-क्यू १, मग नॉर्मल. ईआरपीच्या आयपीवरून : सेट-क्यू २, मग नॉर्मल. बॅकअप आणि रेकॉर्डरच्या आयपीवरून : सेट-क्यू ३, मग नॉर्मल. क्यू ० ला वेगळा फ्लो लागत नाही.

काळजी इथे घ्या :

सेट-क्यू आधी, नॉर्मल नंतर. उलट लिहिलं तर पॅकेट आधी बाहेर पडतं आणि क्यू नंतर ठरते. एरर येत नाही.

जुळणीत 'आयपी' हा शब्द लिहाच. नुसता उगमाचा आयपी पत्ता दिला आणि पॅकेटचा प्रकार दिला नाही, तर पत्त्याची अट गळून पडते आणि तो फ्लो सगळ्यांनाच लागू होतो. स्क्रीनवर 'नॉर्मलायझेशन' अशी एक सूचनावजा ओळ येते आणि लोक ती वाचत नाहीत. अ‍ॅप्लिकेशनच्या पोर्ट क्रमांकावर (स्विचच्या पोर्टवर नव्हे) जुळवायचं असेल तर टीसीपी किंवा यूडीपीही सांगावं लागतं.

फ्लोची प्रायॉरिटी आणि क्यूची प्रायॉरिटी एकमेकींच्या उलट चालतात. फ्लोमध्ये मोठा आकडा आधी जुळतो, क्यूमध्ये लहान आकड्याला आधी मिळतं. दोन्हीकडे एकच आकडा टाकून मोकळं होऊ नका.

⚠ 'डेल-फ्लोज' कुठल्याही अटीशिवाय चालवलं तर सगळे फ्लो जातात, मुळातला नॉर्मल फ्लोसुद्धा. मग ब्रिजवरून काहीच जात नाही.

तपासणी : डंप-फ्लोज करा, पीबीएक्सवरून एक कॉल लावा, पुन्हा डंप-फ्लोज. त्या फ्लोच्या पॅकेटांचा आकडा वाढायला हवा. मग क्यू-स्टॅट्समध्ये अपलिंकच्या क्यू १ चे बाइट वाढले का पाहा. पहिला वाढतो आणि दुसरा वाढत नाही, तर क्रियांचा क्रम किंवा क्यूचा क्रमांक चुकलाय.

## टप्पा ७ : भार टाकून बघा

रिकाम्या लाइनवर क्यूची परीक्षा होत नाही. बाहेर कुठेतरी, भाड्याच्या क्लाउड मशीनवर चालेल, वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ चा सर्व्हर चालू करा. आधी फक्त बॅकअप व्हीएममधून अपलोड द्या. क्यू ३ ची कमाल २५ आहे, आयपर्फ ला २४ च्या आसपास दिसेल. एचटीबी पूर्ण फ्रेम मोजते आणि आयपर्फ फक्त आतला डेटा, म्हणून चार-पाच टक्क्यांचा फरक राहणारच. त्यासाठी सेटिंग बदलू नका.

बॅकअप चालू असतानाच ईआरपी व्हीएममधूनही अपलोड सुरू करा. त्यासाठी आयपर्फ३ चा दुसरा सर्व्हर वेगळ्या टीसीपी पोर्ट क्रमांकावर चालू करा, कारण आयपर्फ३ चा एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो. हिशोब असा : ईआरपीला हमीचे २०, बॅकअपला ५. उरतात १८. ते प्रायॉरिटीप्रमाणे आधी ईआरपीला, म्हणजे ईआरपी ३८ आणि बॅकअप ५. ईआरपी ३६ च्या आसपास आणि बॅकअप पाचाच्या किंचित खाली दिसला की गणित जमलं. ऑफिस चालू असेल तर क्यू ० आपली हमी घेईल आणि ईआरपीचा आकडा तेवढा खाली येईल. टीसीत ईआरपीच्या क्लासचा 'बॉरोड' आकडा वाढताना दिसेल, म्हणजे ती क्यू हमीपलीकडचं उसनं घेतेय.

खरी कसोटी पिंगची. दोन्ही अपलोड चालू ठेवून पीबीएक्स व्हीएममधून बाहेर पिंग करा, कारण पिंग ज्या मशीनवरून कराल त्या मशीनच्या क्यूमधून जातो. स्वतःच्या लॅपटॉपवरून पिंग करून फोनच्या क्यूला नावं ठेवू नका. पीबीएक्सचा पिंग रिकाम्या लाइनच्या जवळपास राहिला तर काम झालं. तो तरीही उडत असेल आणि अपलिंकच्या क्लासमध्ये बॅकलॉग (रांगेत थांबलेला डेटा) शून्य असेल, तर रांग अजून पुढच्या राउटरमध्ये लागतेय. टप्पा २ वर परत जा, ४३ चे ४० करा, प्रत्येक क्यूची कमालही त्याप्रमाणे खाली आणा.

## टप्पा ८ : डाउनलोड आणि पाहुण्यांचं वायफाय

डाउनलोडसाठी लॅनकडच्या पोर्टवर अशाच क्यू लावता येतात, पण एक खड्डा आहे. त्या पोर्टवरून इंटरनेटबरोबर ईआरपी सर्व्हरकडून ऑफिसच्या पीसीकडे जाणारं आतलं ट्रॅफिकही जातं. अख्ख्या पोर्टला इंटरनेटच्या वेगाची मर्यादा घातली तर शेजारच्या टेबलावरची फाइल उघडायलाही वेळ लागतो. तिथे पोर्टची कमाल गिगाबिटच ठेवा आणि अपलिंकवरून आत आलेलं ट्रॅफिकच वेगळ्या, मर्यादित क्यूमध्ये पाठवा. फ्लोमध्ये इन-पोर्टची अट लावली की हे होतं.

पाहुण्यांच्या वायफायचं अपलोड आवरायला त्याच्या पोर्टवर इन्ग्रेस पोलिसिंग पुरतं. ते इंटरफेसच्या नोंदीत लिहायचं, पोर्टच्या नाही. बर्स्ट निदान एमटीयूएवढा (पोर्टवरच्या सगळ्यात मोठ्या पॅकेटएवढा) हवाच. टीसीपी नीट चालायचं असेल तर बर्स्टचा आकडा रेटच्या आकड्याच्या ८० टक्के तरी ठेवा : रेट ५००० असेल तर बर्स्ट ४०००. फार लहान बर्स्ट ठेवला की ५ मेगाबिटची मर्यादा प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी भासते.

## टप्पा ९ : लाइट गेल्यावर काय होतं

क्यूओएस आणि क्यूच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात, सर्व्हर परत चालू झाल्यावर त्या तशाच सापडतात. ओव्हीएस-ओएफसीटीएलने घातलेले फ्लो मात्र टिकत नाहीत. लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर उठला, की रांगा चार आणि ट्रॅफिक सगळं क्यू ० मध्ये. नेट चालू असतं, त्यामुळे फोनची तक्रार येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सगळे फ्लो एका फाइलमध्ये ठेवा आणि ओपन व्हीस्विचची सेवा सुरू झाल्यानंतर चालणाऱ्या सिस्टमडी युनिटमधून रिप्लेस-फ्लोज करा. ही आज्ञा फाइलमध्ये नसलेला प्रत्येक फ्लो काढून टाकते, म्हणून सगळ्यात कमी प्रायॉरिटीचा नॉर्मल फ्लो फाइलमध्ये हवाच. क्यू तयार करणारी आज्ञा मात्र या युनिटमध्ये घालू नका, नाहीतर प्रत्येक बूटला नव्या नोंदींची भर पडेल.

फ्लोमध्ये पोर्टचा क्रमांक वापरला असेल तर ओएफपोर्ट-रिक्वेस्टने तो पक्का करा. लिबव्हर्टच्या (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएम बंद-चालू झाल्या की त्यांची पोर्ट नव्याने तयार होतात, त्यामुळे त्यांवर हाताने लिहिलेलं पोलिसिंगही जातं. ते व्हीएमच्या स्वतःच्या बँडविड्थ सेटिंगमध्ये लिहा.

तपासणी : सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करा आणि टप्पा ६ ची तपासणी पुन्हा करा.

## क्यू काढायच्या असतील तर

आधी सेट-क्यूचे फ्लो काढा. मग पोर्टचा क्यूओएस रकाना क्लिअर करा. त्यानंतर क्यूओएसची नोंद नष्ट करा आणि शेवटी क्यूंच्या. पोर्ट अजून धरून असलेली क्यूओएस नोंद नष्ट करायला गेलात तर डेटाबेस संदर्भ शिल्लक असल्याचं सांगून अख्खा व्यवहार नाकारतो. सर्व्हरवर दुसरे ब्रिजही असतील तर 'ऑल डिस्ट्रॉय'च्या वाटेला जाऊ नका. नोंदींची यादी काढा आणि ज्या आपल्या आहेत त्यांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) देऊन तेवढ्याच काढा.